पहिली छाप (नोकरीची मुलाखत)

नोकरीच्या मुलाखतीतील पहिली छाप म्हणजे मुलाखतीच्या सुरुवातीच्या काही क्षणांत किंवा मिनिटांत मुलाखतकाराच्या मनात उमेदवाराविषयी तयार होणारे प्राथमिक मत होय. उमेदवाराचा अर्ज, नाव, पेहराव, अभिवादन, आवाज, भाषा आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर यांतून हे मत घडते. त्यासाठी ‘प्रथमदर्शनी प्रभाव’ असाही शब्दप्रयोग केला जातो. मानसशास्त्र, मनुष्यबळ व्यवस्थापन आणि सेवाविषयक कायदा या तिन्ही शाखांत या विषयाचा अभ्यास झाला आहे.

पहिली छाप फार लवकर पडते आणि पुढील प्रश्नोत्तरांवर परिणाम करते, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. उमेदवार प्रत्यक्ष काम कसे करील याविषयी मात्र ती मर्यादित माहितीच देते. त्यामुळे उमेदवाराने चांगली छाप कशी पाडावी आणि निवड करणाऱ्याने त्या छापेवर किती विसंबावे, असे दोन्ही प्रश्न या विषयात येतात. महाराष्ट्रात लोकसेवा आयोगाच्या परीक्षांमुळे हे दोन्ही प्रश्न मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याचे झाले आहेत.

स्वरूप

पहिली छाप मुलाखतीच्या खोलीत पाऊल टाकण्यापूर्वीच आकार घेऊ लागते. अर्जातील अक्षरलेखन, माहितीची मांडणी, शिक्षणसंस्थेचे नाव, आडनाव आणि पत्ता यांवरून मुलाखतकाराच्या मनात एक अपेक्षा तयार होते. प्रत्यक्ष भेटीत तिला दृश्य आणि श्राव्य खुणांची जोड मिळते. त्यानंतरच्या अनौपचारिक बोलण्यात, म्हणजे प्रवासाची विचारपूस, गावाची चौकशी किंवा ‘स्वतःविषयी सांगा’ अशा प्रारंभिक प्रश्नांत, हे मत पक्के होऊ लागते.

या खुणांचे दोन गट पडतात. वक्तशीरपणा, कागदपत्रांची तयारी, पदाविषयीची माहिती आणि उत्तरांतील नेमकेपणा हा पहिला गट उमेदवाराच्या हातात असतो व त्याचा कामाशी काहीएक संबंध असतो. चेहरा, वर्ण, उंची, आडनाव, मातृबोलीचे उच्चार आणि घरची परिस्थिती हा दुसरा गट उमेदवाराच्या हातात नसतो व त्याचा कामाशी बहुधा संबंध नसतो. पहिल्या छापेत हे दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले असतात आणि तिच्याविषयीचे बहुतेक वाद या मिसळणीतूनच उद्भवतात.

मानसशास्त्रीय संशोधन

मत बनण्याचा वेग

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील जॅनीन विलिस आणि अलेक्झांडर तोदोरोव्ह यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहभागी व्यक्तींना अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे अत्यल्प काळ दाखवण्यात आली. सेकंदाच्या दहाव्या भागाइतक्या अवधीत केलेले विश्वासार्हता, कर्तृत्व यांविषयीचे अंदाज वेळेची मर्यादा नसताना केलेल्या अंदाजांशी बऱ्याच प्रमाणात जुळले. अधिक वेळ दिल्यावर प्रामुख्याने मत देणाऱ्यांचा स्वतःच्या मतावरील विश्वास वाढला. या प्रयोगांनी अंदाजांचा वेग दाखवला, त्यांचा खरेपणा तपासला नव्हता.

नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थल यांनी १९९३ मध्ये शिक्षकांच्या आवाजविरहित, अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती अनोळखी व्यक्तींना दाखवल्या. त्यांनी दिलेले गुण सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांनी केलेल्या मूल्यमापनाशी लक्षणीय प्रमाणात जुळले. देहबोलीतून काही माहिती खरोखरच पोहोचते, असा याचा एक अर्थ लावला जातो. विद्यार्थ्यांचे मूल्यमापनही काही अंशी त्याच छापेवर आधारलेले असू शकते, असा दुसरा अर्थ लावला जातो.

प्राथम्य आणि तेजोवलय परिणाम

सॉलोमन ॲश यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका काल्पनिक व्यक्तीचे गुणदोष वाचून दाखवण्यात आले. एका गटापुढे यादी ‘बुद्धिमान, कष्टाळू’ या शब्दांनी सुरू होऊन ‘हट्टी, मत्सरी’ या शब्दांनी संपत असे, तर दुसऱ्या गटापुढे तीच यादी उलट क्रमाने वाचली जाई. शब्द तेच असूनही पहिल्या गटाचे मत अधिक अनुकूल होते. आधी मिळालेली माहिती नंतरच्या माहितीचा अर्थ ठरवते, या प्रवृत्तीला प्राथम्य परिणाम म्हणतात.

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सैन्यातील अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनाचा अभ्यास करताना निराळ्या प्रवृत्तीची नोंद केली. वरिष्ठांनी एखाद्या अधिकाऱ्याला शारीरिक गुणांसाठी चांगले गुण दिले, की बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांसाठीही ते चांगलेच गुण देत. एका ठळक गुणाच्या प्रकाशात बाकीचे गुणही उजळून दिसणे याला तेजोवलय परिणाम किंवा ‘हेलो इफेक्ट’ म्हणतात. मुलाखतीत अस्खलित इंग्रजी बोलणारा उमेदवार तांत्रिक विषयातही पारंगत वाटणे, हे याचे नेहमीचे उदाहरण होय.

स्वतःला खरे ठरवणारे मत

पहिली छाप मुलाखतकाराच्या वर्तनातही उतरते. थॉमस डॉहर्टी, डॅनियल टर्बन आणि जॉन कॅलेंडर यांच्या १९९४ च्या अभ्यासात, ज्या उमेदवारांविषयी आधीच अनुकूल मत झाले होते त्यांच्याशी मुलाखतकार अधिक आपुलकीने बोलत, त्यांना संस्थेची माहिती आवर्जून देत आणि त्यांची चौकशी मात्र कमी करत, असे आढळले.

याची दुसरी बाजू कार्ल वर्ड, मार्क झॅना आणि जोएल कूपर यांच्या १९७४ च्या प्रयोगांत दिसते. कृष्णवर्णीय उमेदवारांची मुलाखत घेताना श्वेतवर्णीय मुलाखतकार दूर बसत, मुलाखत लवकर आटोपत आणि बोलताना अधिक अडखळत. त्यानंतरच्या प्रयोगात श्वेतवर्णीय उमेदवारांनाही तशाच तुटक पद्धतीने वागवण्यात आले, तेव्हा त्यांची कामगिरी खालावली. उमेदवार घाबरलेला किंवा थंड वाटतो, याचे कारण काही वेळा समोरच्याच्या वागण्यात असते, हे या प्रयोगांनी दाखवून दिले.

भाकीतक्षमता

मरे बॅरिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, औपचारिक प्रश्न सुरू होण्यापूर्वीच्या गप्पांत झालेले मत मुलाखतीच्या अंतिम गुणांशी संबंधित असल्याचे दिसून आले. मुलाखतीचे गुण आणि पुढील कामगिरी यांच्या संबंधाचा आढावा फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये घेतला. त्यात संरचित मुलाखतीचा सहसंबंधांक ०.५१ आणि असंरचित मुलाखतीचा ०.३८ देण्यात आला होता. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये आधीच्या सांख्यिकीय दुरुस्त्या अतिरिक्त असल्याचे दाखवून हे अंक अनुक्रमे ०.४२ आणि ०.१९ असे कमी केले. ओघाने होणाऱ्या गप्पांवर आधारलेली मुलाखत निवडीचे कमकुवत साधन ठरते, हा निष्कर्ष दोन्ही आढाव्यांतून निघतो.

महाराष्ट्रातील मुलाखती

लोकसेवा आयोग

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३१५ नुसार संघ आणि राज्ये यांच्यासाठी लोकसेवा आयोगांची तरतूद आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असे तीन टप्पे असतात. २०१२ पासूनच्या पद्धतीत मुख्य परीक्षा ८०० गुणांची आणि मुलाखत १०० गुणांची होती. म्हणजे अंतिम गुणवत्तेत मुलाखतीचा वाटा सुमारे ११ टक्के होता. वर्णनात्मक स्वरूपाच्या नव्या पद्धतीत मुख्य परीक्षेसाठी १,७५० आणि मुलाखतीसाठी २७५, असे एकूण २,०२५ गुण आहेत आणि मुलाखतीचा वाटा साडेतेरा टक्क्यांच्या आसपास आहे. ही पद्धत आधी २०२३ पासून लागू व्हायची होती. पुण्यातील विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर ती २०२५ पर्यंत लांबणीवर टाकण्यात आली. पोलीस उपनिरीक्षक पदाच्या निवडीत मुलाखत ४० गुणांची असते.

अंतिम यादीत शेजारच्या उमेदवारांमध्ये अनेकदा एकदोन गुणांचाच फरक असतो. त्यामुळे मुलाखतीतील थोड्या गुणांनी उपजिल्हाधिकारी, तहसीलदार किंवा अन्य पद मिळणे, अथवा यादीबाहेर राहणे ठरू शकते.

केंद्रीय लोकसेवा आयोग नागरी सेवा परीक्षेतील मुलाखतीला व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो. आयोगाच्या अधिसूचनेनुसार ती उलटतपासणीसारखी नसून, नैसर्गिक परंतु दिशा असलेले हेतुपूर्ण संभाषण असते. बौद्धिक सजगता, सुस्पष्ट मांडणी, समतोल निर्णयशक्ती, आवडींची विविधता, नेतृत्व आणि सचोटी यांची पारख करणे हा तिचा उद्देश असतो. ही चाचणी मराठीतूनही देता येते.

स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांसाठी मुंबईतील राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था आणि पुण्यातील ‘यशदा’ यांसारख्या शासकीय संस्थांत, तसेच खासगी मार्गदर्शन केंद्रांत अभिरूप मुलाखती घेतल्या जातात.

कनिष्ठ पदांवरील मुलाखतींची समाप्ती

केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि गट ‘ब’ (अराजपत्रित) पदांच्या भरतीतील मुलाखती बंद केल्या. वशिलेबाजीला आळा घालणे, तसेच दूरच्या उमेदवारांचा प्रवासखर्च व गैरसोय टाळणे ही त्यामागची भूमिका होती. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी हे धोरण स्वीकारले. त्यामुळे शासकीय सेवेत मुलाखतीचे महत्त्व आता प्रामुख्याने वरिष्ठ व राजपत्रित पदांपुरते उरले आहे.

खासगी क्षेत्र

खासगी आस्थापनांत मुलाखतीचे स्वरूप पदानुसार बदलते. अभियांत्रिकी व व्यवस्थापन महाविद्यालयांत कंपन्या परिसर मुलाखती घेतात. त्यांत लेखी चाचणी, गटचर्चा, तांत्रिक मुलाखत आणि मनुष्यबळ विभागाची मुलाखत असे टप्पे असतात. बोईसर-तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत आयटीआय किंवा पदविकाधारक उमेदवाराची मुलाखत बहुधा थोडक्यात होते आणि यंत्रावर काम करून दाखवण्यास सांगितले जाते. काम पाहून निवड होते तेथे पहिल्या छापेचा प्रभाव आपोआप कमी होतो.

न्यायालयीन निर्णय

पहिल्या छापेवर आधारलेले गुण निवडीत किती असावेत, याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा केला आहे.

अजय हसिया विरुद्ध खालिद मुजीब सेहरावर्दी या श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशांविषयीच्या खटल्यात एकूण १५० पैकी ५० गुण मुलाखतीसाठी होते. मुलाखती दोन-तीन मिनिटांत आटोपल्याची आणि त्यांत पालक व निवासस्थान यांविषयीचेच प्रश्न विचारल्याची उमेदवारांची तक्रार होती. १९८१ मध्ये प्रकाशित झालेल्या या निर्णयात, अशा निवडीत मुलाखतीसाठी १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करण्याची सूचनाही त्यात होती.

त्याच वर्षीच्या लीलाधर विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात न्यायिक सेवेच्या भरतीतील २५ टक्के गुण न्यायालयाने वैध मानले. महाविद्यालयीन प्रवेशाच्या वयात व्यक्तिमत्त्व घडत असते, तर सेवाप्रवेशाच्या वेळी ते परिपक्व झालेले असल्याने त्याची पारख करता येते, असा फरक न्यायालयाने केला. अशोककुमार यादव विरुद्ध हरियाणा राज्य (१९८५) या खटल्यात सर्वसाधारण उमेदवारांसाठी २२.२ टक्के आणि माजी सेनाधिकाऱ्यांसाठी ३३.३ टक्के हे प्रमाण अवाजवी ठरवण्यात आले आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या तत्कालीन १२.२ टक्के या प्रमाणाचा दाखला देण्यात आला.

सामाजिक पार्श्वभूमी आणि भेदभाव

महाराष्ट्रात आडनावावरून गाव, समाज किंवा जात ओळखण्याची सवय सर्वत्र आढळते. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा संभाषणाचा सर्वसामान्य प्रारंभही मुलाखतीत निर्णायक माहिती पुरवू शकतो.

अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये खासगी क्षेत्रातील भरतीविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवण्यात आले होते. पात्रता सारखीच असलेल्या अर्जांवर उच्चवर्णीय हिंदू, दलित किंवा मुस्लिम ओळखीची नावे होती. पुढील टप्प्यासाठी बोलावणे येण्याचे शक्यता-गुणोत्तर उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत दलित नावांसाठी ०.६७ आणि मुस्लिम नावांसाठी ०.३३ आढळले. या अर्जदारांची छाप प्रत्यक्ष भेट होण्यापूर्वीच, केवळ नावावरून पडली होती.

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मनुष्यबळ व्यवस्थापकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. निवड केवळ गुणवत्तेवर होते असे सांगणारे व्यवस्थापकच उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारणे आवश्यक मानत होते. चांगल्या घरातील, शिकलेल्या आईवडिलांचा उमेदवार कामालाही चांगला, अशी त्यामागची धारणा होती.

भाषा हे छापेचे आणखी एक माध्यम आहे. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात कादोडी (सामवेदी), वाडवळी, आगरी आणि वारली या बोली बोलल्या जातात. चांदीपसारख्या गावातून येणाऱ्या आणि घरात बोली बोलणाऱ्या उमेदवाराला मुलाखतीत प्रमाण मराठी किंवा इंग्रजी वापरावी लागते. ‘न’ आणि ‘ण’ यांच्या उच्चारातील फरकासारख्या खुणांवरून शिक्षणाचा किंवा बुद्धीचा अंदाज बांधला जातो. या अंदाजाला भाषावैज्ञानिक आधार नाही; बोलीला तिचे स्वतःचे नियमबद्ध व्याकरण असते.

संविधानाच्या अनुच्छेद १६(२) नुसार राज्याच्या अखत्यारीतील नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास यांवरून भेदभाव करता येत नाही. खासगी आस्थापनांना हा अनुच्छेद थेट लागू होत नाही. समान वेतन कायदा, १९७६ ने भरतीत स्त्रियांबाबत भेदभाव करण्यास मनाई केली होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही सारख्या कामाच्या भरतीत लिंगभेदाला मनाई आहे. तरीही विवाह, मुले आणि रात्रपाळी यांविषयीचे प्रश्न मुलाखतींत प्रामुख्याने स्त्रियांनाच विचारले जातात.

उमेदवाराची तयारी

मुलाखतीच्या तयारीत स्वतःच्या हातातील बाबींवर भर देणे उपयुक्त मानले जाते. त्यांतील प्रमुख बाबी पुढीलप्रमाणे आहेत.

वेळ आणि प्रवास: उशिरा पोहोचणे हा प्रतिकूल छापेचा सर्वांत टाळता येण्याजोगा प्रकार आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे कार्यालय नवी मुंबईतील बेलापूर येथे आहे. विरारहून तेथे लोकलने जाताना दादर आणि कुर्ला येथे गाडी बदलावी लागते. पावसाळ्यात हा प्रवास अधिक बेभरवशाचा होतो. अशा वेळी आदल्या दिवशी जवळ मुक्काम करणे किंवा पुरेसा अवधी हाताशी ठेवून निघणे सोयीचे ठरते.

कागदपत्रे: शासकीय भरतीत मूळ प्रमाणपत्रांची पडताळणी होते. पदवी, वयाचा पुरावा, अधिवास, जात आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रे क्रमाने लावलेली असणे व त्यांवरील नाव सारखे असणे आवश्यक असते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना नावातील बदलाचा पुरावा सोबत ठेवावा लागतो.

पेहराव: स्वच्छ, इस्त्री केलेला, अंगाला व्यवस्थित बसणारा आणि कामाच्या ठिकाणाला साजेसा पोशाख पुरेसा असतो. पुरुष बहुधा फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा सदरा व गडद पँट, तर स्त्रिया साडी, सलवार-कमीज किंवा औपचारिक पोशाख वापरतात. सवय नसलेला महागडा पोशाख प्रथमच घातल्यास उमेदवाराचे लक्ष त्याकडेच राहण्याचा संभव असतो.

प्रवेश आणि अभिवादन: परवानगी घेऊन आत जाणे, मंडळाचे अध्यक्ष व सदस्य यांना नमस्कार करणे आणि सांगितल्यावर बसणे हा प्रचलित शिष्टाचार आहे. हस्तांदोलनासाठी मुलाखतकाराने हात पुढे केल्यास ते करावे, अन्यथा नमस्कार पुरेसा असतो. उत्तर देताना प्रश्न विचारणाऱ्या सदस्याकडे पाहून, अधूनमधून इतरांकडेही दृष्टी वळवली जाते.

स्वपरिचय: हा बहुधा पहिला प्रश्न असल्याने तयारीत त्याला विशेष महत्त्व असते. बायोडेटात असलेलीच माहिती पुन्हा सांगण्याऐवजी शिक्षण, केलेले एखादे ठोस काम आणि पदाशी त्याचा संबंध या क्रमाने एक-दोन मिनिटांत बोलणे परिणामकारक ठरते. शेती, मासेमारी किंवा घरच्या व्यवसायात केलेले काम अनेक उमेदवार सांगण्यास संकोचतात. हिशेब, जबाबदारी आणि माणसे हाताळण्याचा तो प्रत्यक्ष अनुभव असतो. पाठ केलेले भाषण मात्र उपप्रश्न येताच कोलमडते.

अर्जातील माहिती: छंद, गावाचे नाव, पदवीचा विषय आणि आधीची नोकरी यांवरूनच पुढचे प्रश्न निघतात. वाचन हा छंद लिहिणाऱ्यास अलीकडे वाचलेल्या पुस्तकाविषयी, तर वसई तालुक्यातील उमेदवारास वसईचा किल्ला, हरित पट्टा किंवा १ ऑगस्ट २०१४ रोजी झालेली पालघर जिल्ह्याची निर्मिती यांविषयी प्रश्न येणे स्वाभाविक असते.

अज्ञानाची कबुली: उत्तर ठाऊक नसल्यास तसे स्पष्ट सांगणे अंदाजपंचे उत्तरापेक्षा बरे मानले जाते. सचोटी हा व्यक्तिमत्त्व चाचणीतील एक निकषच असल्याने याला अधिक महत्त्व आहे.

सुरुवात बिघडल्यास: पहिले उत्तर चुकले, तरी त्याची दुरुस्ती करून पुढील प्रश्नाकडे वळता येते. पहिल्या छापेचा प्रभाव मोठा असला, तरी ती अंतिम नसते. प्रश्न कामाशी निगडित आणि पूर्वनियोजित असतात तेव्हा नंतरच्या उत्तरांना योग्य वजन मिळण्याची शक्यता वाढते.

मुलाखतकाराने घ्यावयाची दक्षता

संरचित मुलाखतीत सर्व उमेदवारांना पदाच्या गरजांवरून ठरवलेले तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले जातात, प्रत्येक उत्तराला निश्चित मापदंडाने लगेच गुण दिले जातात आणि सर्व सदस्यांनी स्वतंत्रपणे गुण नोंदवल्यानंतरच चर्चा होते. यामुळे पहिल्या छापेचा प्रभाव पूर्णपणे नाहीसा होत नसला, तरी त्यावर मर्यादा येते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुलाखत मंडळासमोर उमेदवाराचे लेखी परीक्षेतील गुण ठेवले जात नाहीत. आधीच्या गुणांचे तेजोवलय टाळण्यास त्याचा उपयोग होतो.

अप्रस्तुत माहिती झाकणे हा आणखी एक उपाय आहे. अमेरिकेतील वाद्यवृंदांनी वादकांची परीक्षा पडद्याआडून घेण्यास सुरुवात केल्यानंतर स्त्री-वादकांची निवड वाढल्याचे क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउझ यांनी २००० मध्ये मांडले. भरतीत याच तत्त्वावर पहिल्या चाळणीच्या वेळी अर्जावरील नाव, छायाचित्र आणि पत्ता झाकले जातात. प्रत्यक्ष कामाचा नमुना घेणे हाही विश्वासार्ह मार्ग मानला जातो.

दूरस्थ मुलाखत

कोविड-१९ साथीनंतर दृक्-श्राव्य माध्यमातून घेतल्या जाणाऱ्या मुलाखती सर्वसाधारण झाल्या. त्यांत पेहरावाइतकेच आवाजाची स्पष्टता, चेहऱ्यावरील प्रकाश, पार्श्वभूमी आणि इंटरनेटची जोडणी यांना महत्त्व येते. प्रवासखर्च वाचत असला, तरी एका खोलीच्या घरात राहणाऱ्या किंवा मोबाइलचे जाळे क्षीण असलेल्या गावातील उमेदवारावर तांत्रिक अडचणींमुळे प्रतिकूल छापेचा भार पडतो. जोडणी तुटल्यास वापरावयाचा दूरध्वनी क्रमांक दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून घेणे, हा त्यावरील साधा उपाय आहे.

हेही पहा

मुलाखत
महाराष्ट्र लोकसेवा आयोग
केंद्रीय लोकसेवा आयोग
देहबोली
सामाजिक मानसशास्त्र